माशाला एक घर पुरत नाही

कॅरिबियन समुद्रात अमेरिकेच्या ताब्यातलं सेंट क्रॉय नावाचं बेट आहे. त्याच्या उथळ पाण्यात प्रवाळाच्या फांद्यांमध्ये पिवळसर पट्ट्यांचे वीतभर मासे दिवसभर घोळक्याने जवळजवळ निश्चल उभे असतात. यांना ग्रंट म्हणतात, कारण पाण्याबाहेर काढले की ते घशातले दात घासून घुरघुरतात. आपल्याकडचा करकरा याच कुळातला. सूर्य बुडाला की घोळक्यात चुळबूळ सुरू होते. सगळे खडकाच्या कडेला एका ठरलेल्या जागी गोळा होतात, थोडे पुढे जातात, पुन्हा मागे येतात. उजेड पुरेसा उतरला की रांग लागते आणि सगळे ठरलेल्या वाटेने बाहेरच्या समुद्रगवताच्या कुरणाकडे निघतात. तिथे पांगून ते रात्रभर खेकडे, कोळंबी, किडे टिपतात आणि पहाटे त्याच वाटेने परत येतात.

जीन हेल्फमन आणि एरिक शुल्ट्झ या दोन संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे एक साधा प्रयोग केला. एका घोळक्यातले काही ग्रंट उचलून त्यांनी दुसऱ्या खडकावरच्या घोळक्यात सोडले. पाहुणे यजमानांच्या मागे मागे जात नवी वाट शिकले. मग मूळचे मासे तिथून काढून घेतले, तरी पाहुणे त्याच वाटेने जात-येत राहिले. ज्या पाहुण्यांना वाट दाखवायला कोणी नव्हतं, त्यांना ती सापडली नाही. म्हणजे ही वाट थोरांकडून धाकट्यांना मिळते. त्याच बेटावर जूडी मेयर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की ज्या प्रवाळावर ग्रंटचा घोळका वस्तीला असतो, ते प्रवाळ अधिक वेगाने वाढतं. मासे रात्री कुरणात खातात, दिवसा प्रवाळावर विसावतात आणि तिथेच त्यांची विष्ठा पडते. कुरणातलं खत प्रवाळाला असं रोज घरपोच मिळतं.

आता अशा प्रवाळाभोवती कुंपण घालून ‘हे राखीव’ असं जाहीर करायचं ठरलं, तर रेघ कुठे ओढायची? प्रवाळापुरती ओढली तर झोपायची खोली राखली जाईल आणि स्वयंपाकघर बाहेर राहील. गवतही आत घेतलं, पण मधली वाट जाळ्यांना मोकळी ठेवली, तर दोन्ही खोल्या राखूनही मासा दारात पकडला जाईल. सागरी संरक्षित क्षेत्रं आखताना अधिवासांच्या जोडणीचा विचार करतात, तो याच कारणासाठी. अमेरिकेने गेल्या पंचवीसेक वर्षांत या प्रश्नावर जेवढं काम केलं, तेवढं फार थोड्या देशांनी केलं असेल. त्या कामाचा मोठा भाग उत्तम आहे. मात्र एक बाजू लंगडी राहिली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

अमेरिकेत सागरी अभयारण्यांचा कायदा १९७२ चा. त्याखाली १९७५ मध्ये पहिलं अभयारण्य झालं ते नॉर्थ कॅरोलिनाजवळ बुडालेल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेच्या अवशेषांसाठी. पुढची बरीच वर्षं अभयारण्यं एकेक करून झाली: इथे एक सुंदर प्रवाळ, तिथे देवमाशांची जागा. प्रत्येक जागा स्वतःपुरती योग्यच होती, पण त्या एकमेकींना काय देतात-घेतात हे कोणी विचारलं नव्हतं. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशात देशभरातल्या सागरी संरक्षित क्षेत्रांची एक व्यवस्था असावी, हा विचार आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याने सागरी जीव संरक्षण कायदा केला होता. राखीव क्षेत्रांचं जाळं उभं करावं, आणि ते शक्य तितकं खरोखर जाळं म्हणूनच आखावं, असं त्या कायद्यातच लिहिलेलं होतं.

या ‘जाळं’ शब्दात एक जुनी अडचण आहे. समुद्रातले बहुतेक मासे, खेकडे, शिंपले, प्रवाळ आयुष्याची सुरुवात सूक्ष्म अळी म्हणून करतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात तिला डिंभ म्हणतात. ही अळी काही दिवस ते काही महिने पाण्यात वाहते आणि मग कुठेतरी तळाला बसते. कुठून निघाली आणि कुठे बसली, हे पाहायचं कसं? आईजवळच बसली तर राखीव क्षेत्र स्वतःलाच पोसेल. दूर वाहून गेली तर त्या क्षेत्राला दुसऱ्या कोणत्या तरी क्षेत्राकडून अळ्या यायला हव्यात, नाहीतर आतली वस्ती म्हातारी होऊन संपेल.

२००३ मध्ये ॲलन शँक्स, ब्रायन ग्रँथम आणि मार्क कार यांनी तोवर माहीत असलेली अंतरं एकत्र मांडली. आकडे दोन गटांत पडले: एक किलोमीटरच्या आत बसणारे जीव आणि वीस किलोमीटरपलीकडे जाणारे जीव. मधली जागा जवळजवळ रिकामी. त्याच वर्षी ब्रायन किनलन आणि स्टीव्हन गेन्स यांनी दाखवलं की समुद्री शेवाळांचे बीजाणू जवळपास पडतात, अपृष्ठवंशी त्यांहून पुढे जातात आणि मासे सगळ्यात दूर जातात. म्हणजे सगळ्या जिवांना सोयीचं असं एक अंतर नाही. आखणी करणाऱ्याला तडजोड करावीच लागते.

कॅलिफोर्नियाने ती तडजोड कशी केली, ते सविस्तर सांगण्याजोगं आहे. कायदा झाल्यावर अंमलबजावणीचे पहिले दोन प्रयत्न फसले. पैसा अपुरा होता, आणि अधिकाऱ्यांनी आधीच काढलेले नकाशे पाहून किनाऱ्यावरचे लोक संतापले. २००४ मध्ये राज्य सरकार आणि एका खासगी निधीसंस्थेच्या भागीदारीतून तिसरा प्रयत्न सुरू झाला. या वेळी नकाशा काढणारे होते मच्छीमार, पाणबुडे, आदिवासी जमातींचे प्रतिनिधी, पर्यावरणवाले, बंदरवाले. शास्त्रज्ञांच्या सल्लागार गटाने त्यांना नियम दिले आणि त्यांनी काढलेला प्रत्येक नकाशा त्या नियमांवर घासून परत दिला.

नियम मोजकेच होते. किनाऱ्याच्या दिशेने क्षेत्राची लांबी किमान ५ ते १० किलोमीटर असावी, जमल्यास १० ते २०. कारण खडकावर राहणाऱ्या कितीतरी रॉकफिशांची मोठेपणीची भटकंती एखाद्या किलोमीटरच्या आतली असते. एवढ्या लांबीत त्यांचं आयुष्य मावतं. क्षेत्राची रुंदी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांपासून राज्याच्या हद्दीपर्यंत, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंत असावी, कारण वयाबरोबर खूप मासे उथळातून खोल पाण्यात सरकतात. शेजारच्या दोन क्षेत्रांत ५० ते १०० किलोमीटरहून जास्त अंतर नसावं, म्हणजे वाहत आलेल्या अळीला पुढचा मुक्काम सापडेल. प्रत्येक भागात एकेका प्रकारच्या अधिवासाच्या किमान तीन ते पाच जागा असाव्यात. एखादीवर तेल सांडलं किंवा रोग आला तरी बाकीच्या उरतील.

यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अंतर मोजलं जायचं ते एका क्षेत्राच्या कुंपणापासून दुसऱ्याच्या कुंपणापर्यंत नव्हे, तर खडकापासून खडकापर्यंत आणि केल्पपासून केल्पपर्यंत. केल्प म्हणजे तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत उभी वाढणारी समुद्रशेवाळाची जंगलं. ५० किलोमीटरवर दुसरं क्षेत्र आहे, पण त्यात नुसती वाळू आहे, तर केल्पमधल्या अळीच्या दृष्टीने ते क्षेत्र नाहीच. माशाचं अंतर माशाच्या घरांवरून मोजायचं, हा विचार सरकारी नियमावलीत उतरला, ही मोठी गोष्ट आहे.

किनाऱ्याचे चार भाग पाडून काम झालं. मध्य किनारा २००७ मध्ये पुरा झाला, उत्तर-मध्य २०१० मध्ये, दक्षिण आणि उत्तर २०१२ मध्ये. चॅनेल बेटांभोवतीची राखीव क्षेत्रं २००३ पासूनच होती, तीही या जाळ्यात धरली. आधी राज्याच्या पाण्यापैकी तीन टक्क्यांहून कमी भाग कुठल्या ना कुठल्या संरक्षणाखाली होता. आता १,१०० मैलांच्या किनाऱ्यावर १२४ क्षेत्रं आहेत आणि सुमारे १६ टक्के पाणी त्यांत येतं. मासेमारी पूर्ण बंद आहे ती त्यातल्या अर्ध्याहून थोड्या जास्त भागात.

हे सोपं झालं नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सभांत शेवंड पकडणाऱ्यांनी आपापल्या पिढीजात जागा नकाशावर बोट ठेवून दाखवल्या आणि त्यांतल्या काही गेल्याच. त्यांच्या रागाला मी चुकीचं म्हणणार नाही. ज्याच्या पोटावर रेघ ओढली जाते, त्याला दहा वर्षांनंतरच्या फायद्याचं गणित सांगून भागत नाही. तरी ते गणित पुढे तपासलं गेलं. सांता बार्बरा भागातल्या शेवंडांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव क्षेत्रांमुळे मासेमारीची ३५ टक्के जागा गेली होती. सहा वर्षांनी उरलेल्या जागेतली एकूण पकड २२५ टक्क्यांनी वाढली होती. आतली शेवंडं वाढली आणि कडेने बाहेर सांडू लागली. म्हणून आज पिंजऱ्यांच्या बोयांची रांग राखीव क्षेत्राच्या सीमेला अगदी लागून दिसते. रेघ कुठे आहे, हे मच्छीमाराला कोणत्याही शास्त्रज्ञाइतकंच नेमकं ठाऊक असतं.

जाळं खरंच जोडलेलं आहे का, हे दाखवणं मात्र वेगळं काम होतं. त्याच्या दोन युक्त्या मला फार आवडतात.

पहिली कानातल्या खड्याची. माशाच्या कानात चुन्याचा एक खडा असतो आणि झाडाच्या खोडात वलयं पडावीत तसे त्यावर रोज थर चढतात. अळी ज्या पाण्यात वाढली, त्या पाण्यातल्या अंशमात्र धातूंची नोंद त्या थरात राहते. स्टीफन स्वेरर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सेंट क्रॉयच्याच पाण्यातल्या ब्लूहेड रॅस या छोट्या माशाचे असे खडे तपासले. बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला आलेल्या पिल्लांपैकी बरीचशी किनाऱ्याजवळच्या पाण्यात वाढलेली निघाली. अळी वाहत कुठेही जाते, ही समजूत तिथून ढासळू लागली. पुढे कॅलिफोर्नियाच्या बोडेगा सागरी प्रयोगशाळेत स्टीव्हन मॉर्गन यांच्या गटाने दाखवलं की अनेक खेकड्यांच्या अळ्या पाण्यात वर-खाली सरकून उलटसुलट प्रवाहांचा फायदा घेतात आणि किनाऱ्याजवळ टिकून राहतात. सुईच्या टोकाएवढा जीव, पण कुठल्या थरात केव्हा उतरायचं हे त्याला कळतं.

दुसरी युक्ती आई-बापांचा शोध घ्यायची. हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पिवळाधमक यलो टँग मासा शोभेच्या टाक्यांसाठी मोठ्या संख्येने पकडला जायचा. १९९९ च्या अखेरीस तिथे नऊ राखीव पट्टे झाले. आधीच्या बंद जागा धरून किनाऱ्याचा ३५ टक्के भाग या पकडीला बंद झाला. मार्क क्रिस्टी आणि सहकाऱ्यांनी बेटाभोवतीच्या १,०७३ माशांची जनुकं तपासली आणि त्यांतून आई-बाप आणि पिल्लू अशा चार जोड्या जुळवल्या. हजारातून चारच, पण त्या खात्रीच्या. त्यांच्यातलं अंतर १५ पासून १८४ किलोमीटरपर्यंत. राखीव पट्ट्यांतली अळी दूरच्या, पकड चालू असलेल्या किनाऱ्यावर जाऊन बसू शकते, याचा हा थेट पुरावा होता. कॅलिफोर्नियाने ५० ते १०० किलोमीटर धरले होते, तो अंदाज अगदीच हवेतला नव्हता, असंही यातून म्हणता येतं.

अळ्यांची बाजू अशी बरीच भक्कम झाली आहे. मी ज्या बाजूला लंगडी म्हणालो, ती वेगळी. एकाच माशाला आयुष्यात वेगवेगळी घरं लागतात: लहानपणी खाडी किंवा खारफुटी, तारुण्यात गवत, मोठेपणी खडक, विणीला आणखी कुठेतरी. नियमावली खडकापासून खडकापर्यंतचं अंतर मोजते. खाडीपासून खडकापर्यंतचं कोण मोजतं?

कॅलिफोर्नियातला हॅलिबट हा चपटा मासा घ्या. मोठा हॅलिबट उघड्या किनाऱ्यावर वाळूत सापडतो. जोएल फॉड्री आणि लिसा लेव्हिन यांनी सॅन डिएगो परिसरात कानातल्या खड्यांवरून त्याचं बालपण शोधलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मासे बंदिस्त उपसागरांत आणि खाड्यांत वाढलेले निघाले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खाड्यांपैकी बहुतांश भाग गेल्या शतकात भराव टाकून, बंदरं बांधून संपलेला आहे. उरलेल्या काही खाड्या जाळ्यात आल्या. पण सॅन फ्रान्सिस्को बे हा या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा खाडीप्रदेश आखणीचा पाचवा भाग होणार होता, तो बाजूला ठेवला गेला. चार भागांचं जाळं पुरं झालं आणि त्याची सगळ्यात मोठी पाळणाखोली जाळ्याबाहेर राहिली. कारणं समजतात: तिथे बंदरं आहेत, शहरं आहेत, डझनभर यंत्रणा आहेत. तरी ही उणीव छोटी नाही.

फ्लोरिडात हीच गोष्ट खारफुटीची आहे. गोलायथ ग्रूपर हा आपल्या हेकरूच्या कुळातला अवाढव्य मासा पहिली पाच-सहा वर्षं टेन थाउजंड आयलंड्सच्या खारफुटीच्या मुळांमध्ये काढतो आणि मीटरभर झाला की बाहेरच्या खडकांवर जातो. १९९० मध्ये त्याच्या पकडीवर बंदी आली आणि हळूहळू तो परतला. बंदीला श्रेय आहेच, पण ती खारफुटी शाबूत नसती तर परतायला पिल्लं कुठून येणार होती? २००४ मध्ये पीटर मंबी आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियनच्या पश्चिम भागात मोजून दाखवलं की प्रवाळाजवळ भरपूर खारफुटी असेल, तर काही व्यापारी माशांचं वजन तिथे दुपटीहून जास्त भरतं. रेनबो पॅरटफिश तर खारफुटी तोडलेल्या जागांवरून नाहीसाच झाला होता.

या सगळ्यात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती ड्राय टॉर्टुगाजची कथा. फ्लोरिडाच्या टोकापासून पश्चिमेला भर समुद्रात ही छोटी बेटं आहेत. त्यांच्या नैर्ऋत्येला रायलीज हंप नावाचा बुडालेला उंचवटा आहे. तिथे मे-जूनमध्ये पौर्णिमेच्या आसपास मटन स्नॅपर विणीसाठी जमायचे. मटन स्नॅपर म्हणजे आपल्या तांबोशीचा चुलतभाऊ. हे जमणं मच्छीमारांना ठाऊक होतं, आणि वर्षानुवर्षं ते त्याच रात्री तिथे पोचत राहिले. थवा उरलाच नाही, असं वाटण्याची वेळ आली.

२००१ मध्ये टॉर्टुगाज परिसंस्था राखीव क्षेत्र झालं. त्याचे दोन तुकडे आहेत, उत्तर आणि दक्षिण, मिळून १५१ चौरस सागरी मैल. रायलीज हंप दक्षिण तुकड्यात आला. मच्छीमार, पाणबुडे, शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्या पंचवीस जणांच्या गटाने एकमताने या रेघा काढल्या होत्या. काही वर्षांतच पाणबुड्यांना उंचवट्यावर पुन्हा थवे दिसू लागले. २००७ मध्ये शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात ४६ चौरस मैलांचं आणखी एक मासेमारीबंद क्षेत्र झालं.

मग संशोधकांनी उद्यानातल्या मटन स्नॅपरांच्या पोटात छोटी ध्वनियंत्रं बसवली आणि तळाला ऐकणारी यंत्रं ठेवली. प्रत्येक मासा जवळून गेला की यंत्र त्याचा क्रमांक आणि वेळ टिपून घेई. नोंदी जुळवल्या तेव्हा चित्र उलगडलं. वर्षभर उद्यानाच्या उथळ खडकांवर राहणारे मासे विणीच्या महिन्यांत पौर्णिमेच्या सुमाराला निघायचे, सुमारे ३५ किलोमीटर कापून रायलीज हंपवर पोचायचे आणि वीण आटोपली की आपापल्या खडकावर परत यायचे. काही मासे एकाच मोसमात दोन-तीन वेळा गेले. एका घराचं रक्षण उद्यान करत होतं, दुसऱ्याचं टॉर्टुगाज राखीव क्षेत्र, म्हणजे दोन वेगळी खाती, दोन वेगळे कायदे. दोन्हींपैकी एक जरी नसतं तर हा मासा कुठल्या तरी एका टोकाला संपलाच असता. आणि ही दोन्ही क्षेत्रं एका वाटेवर यावीत असं मुद्दाम ठरवलं, तेव्हा ती वाट कोणी पाहिलेली नव्हती. आखणाऱ्यांचा अंदाज बरोबर आला आणि मोजमाप मागून झालं.

सेंट क्रॉयच्या ग्रंटांची वाट थोरांनी शिकवलेली असते. मटन स्नॅपरही वाट तशीच शिकतात का, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. पण विणीच्या थव्यातले सगळे मोठे मासे एकाच वर्षी जाळ्यात गेले, तर माशांबरोबर आणखी काय हरवतं, हा प्रश्न मला त्या दोन अभ्यासांनी एकत्र विचारायला लावला.

मेक्सिकोच्या आखातात टेक्सासपासून दूर फ्लॉवर गार्डन बँक्स नावाचे बुडालेले डोंगर आहेत. ऑगस्टमध्ये पौर्णिमेनंतर आठवडाभराने रात्री तिथली प्रवाळं एकदम वितात. पाण्यात खालून वर गुलाबी मोती तरंगत जातात. २०२१ मध्ये हे अभयारण्य तीन डोंगरांवरून सतरावर, म्हणजे ५६ चौरस मैलांवरून १६० वर गेलं. एका डोंगरावरची अळी दुसऱ्याला पोसते, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. मात्र सीमा डोंगरांभोवती घट्ट ओढलेल्या आहेत. मधलं पाणी मोकळंच आहे.

आता पाणी तापतं आहे आणि जुनी अंतरं सरकताहेत. मेरी ओकॉनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्येच सांगितलं होतं की गरम पाण्यात अळी लवकर वाढते, म्हणून कमी दिवस वाहते, म्हणून कमी दूर जाते. हे खरं असेल तर काल पुरेसं वाटलेलं १०० किलोमीटरचं अंतर उद्या लांब पडेल. २०१४ ते २०१६ मधल्या सागरी उष्णलाटेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या केल्पची नव्वद टक्क्यांहून जास्त जंगलं गेली. तारामाशांवर आधीच रोग आला होता, त्यामुळे समुद्री साळिंदर, म्हणजे जांभळे काटेरी सी-अर्चिन, मोकाट वाढले आणि उरलंसुरलं शेवाळ खाऊन त्यांनी तळ बोडका केला. खाणं संपल्यावर रेड ॲबलोन या शंखांची उपासमार झाली आणि २०१८ मध्ये ॲबलोन काढणं राज्याने बंद केलं. दक्षिणेत चॅनेल बेटांच्या जुन्या राखीव क्षेत्रांत मोठी शेवंडं आणि शीपहेड मासे शिल्लक होते. ते साळिंदरं खातात, त्यामुळे तिथलं केल्प जास्त तगलं. उत्तरेत साळिंदरांना आवर घालणारे भक्षक फारसे उरले नव्हते, त्यामुळे नकाशावर रेघा असूनही जंगल वाचलं नाही. केल्पचे बीजाणू फार दूर जात नाहीत. मधला मोठा पट्टा बोडका झाला की जवळच्या जंगलाकडून होणारी मदतही थांबते.

ॲबलोनची जोडणी तर मीटरांत मोजावी लागते. नर-मादी पाण्यात बीज सोडतात. ती एकमेकांपासून काही मीटरपेक्षा दूर बसलेली असतील तर फलन होतच नाही. व्हाइट ॲबलोन २००१ मध्ये संकटग्रस्त यादीत गेला तो याचमुळे: शंख शिल्लक होते, पण एकेकटे.

कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर अलीकडे जे घडलं, ते मधल्या वाटेच्या प्रश्नाचं ताजं उदाहरण आहे. उत्तर चुमाश जमातीच्या परिषदेने २०१५ मध्ये फ्रेड कॉलिन्स यांच्या पुढाकाराने एका नव्या अभयारण्याचा प्रस्ताव दिला. उत्तरेचं माँटेरे बे आणि दक्षिणेचं चॅनेल बेटं, या दोन अभयारण्यांमधला मोकळा किनारा त्याने भरून निघणार होता. कॉलिन्स गेल्यावर त्यांची कन्या व्हायलेट सेज वॉकर यांनी काम पुढे नेलं. २०२४ च्या अखेरीस ४,५४३ चौरस मैलांचं चुमाश हेरिटेज राष्ट्रीय सागरी अभयारण्य झालं, पण प्रस्तावाहून लहान. मोरो बेजवळच्या समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या, त्यांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलींसाठी उत्तरेकडचा पट्टा वगळला गेला. माँटेरे बे आणि या नव्या अभयारण्याच्या मधे म्हणूनच खिंड राहिली. पवनऊर्जा हवीच, तापणाऱ्या पाण्यावरचा तोही एक उपाय आहे. पण केबल तळातून जाते, तिला सगळं पाणी मोकळं लागत नाही. पुढच्या टप्प्यात हा पट्टा जोडता येईल असं सरकारने तेव्हा म्हटलं होतं. ते व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं वाचताना मनात सारखं मालवण येतं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरचं, त्यातला गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या मापाने तो गाभा एका रॉकफिशच्या भटकंतीलाही काठावरच पुरेल. दक्षिणेला देवबागची कर्ली खाडी, उत्तरेला आचऱ्याची. खारफुटी तिथे आहे, अभयारण्य किल्ल्यापाशी आहे. पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं बुडालेलं प्रवाळाचं पठार. तिथून मालवणच्या खडकांपर्यंत अळी पोचते का, हे कानातल्या खड्यांवरून विचारता येईल. आणि अभयारण्य जाहीर झालं तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, तोही कॅलिफोर्नियाच्या पहिल्या दोन फसलेल्या प्रयत्नांसारखाच: रेघ आधी आली आणि विचारणा नंतर.

तिसऱ्या प्रयत्नात कॅलिफोर्नियाने मच्छीमारांच्या हाती पेन्सिल दिली. मालवणात सुरुवात तांबोशीपासून करता येईल. ती लहानपणी खाडीत, खारफुटीच्या आधाराने वाढते आणि मोठी होऊन बाहेरच्या खडकांवर जाते. वीतभर तांबोशी कुठल्या खाडीत, कुठल्या महिन्यात दिसते. हातभर लांबीची गरीला कुठल्या खडकावर लागते. अंडी भरलेली कुठल्या पौर्णिमेच्या आसपास मिळते. रापणकर आणि गरीवाले बसवून या तीन जागा एका नकाशावर मांडल्या, तर मधली वाट दिसू लागेल, आणि रेघ कुठे हवी हे मग बोलता येईल.